संख्याशास्त्राची नोकरी आणि श्रद्धेचे निवेदन

अमेरिकेत प्राध्यापकपदासाठी अर्ज करताना लागणारी कागदपत्रे पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला पोहोचलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतात : कार्यवृत्त, अध्यापनाविषयीचे टिपण, संशोधनाचा आराखडा आणि तीन शिफारसपत्रे. इंडियाना राज्यातील अपलँड या गावच्या टेलर विद्यापीठात गणित विभागातील संख्याशास्त्राच्या जागेसाठी मी अर्ज करायला बसले, तेव्हा या नेहमीच्या यादीला आणखी काही जोडलेले आढळले. आपण ख्रिस्ती श्रद्धेत कसे आलो आणि आज ती कशी जगतो याचे स्वतःच्या शब्दांतले निवेदन द्यायचे होते. विद्यापीठाची मूलभूत कागदपत्रे वाचून त्यांच्याशी आपण कितपत सहमत आहोत, हेही लेखी कळवायचे होते. शिफारस करणाऱ्यांत आपल्या मंडळीचे पाळक असावेत, अशीही अपेक्षा होती. पर्ड्यूसारख्या सरकारी विद्यापीठात माझ्यासोबत शिकणाऱ्या भारतीय मित्रमैत्रिणींना हे चक्क बेकायदेशीर वाटले.

ते बेकायदेशीर नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत धर्मावरून भेदभाव करण्यास मनाई केली, पण धार्मिक संस्थांना आपल्या श्रद्धेची माणसे निवडण्याची मुभा त्याच कायद्यात ठेवली. १९७२ मध्ये ही मुभा निव्वळ धार्मिक स्वरूपाच्या कामांपुरती न ठेवता संस्थेच्या सर्व कामांपर्यंत वाढवण्यात आली आणि १९८७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. त्यामुळे धर्मशास्त्र शिकवणाऱ्यालाच नव्हे, तर रिग्रेशन ही संख्याशास्त्रातली पद्धत शिकवणाऱ्यालाही ‘तुमचा विश्वास काय आहे’ असे विचारता येते.

मराठी वाचकाला ‘ख्रिस्ती विद्यापीठ’ म्हटल्यावर मुंबईतील जेझुइट महाविद्यालये किंवा आमचे अहमदनगर कॉलेज आठवणार, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेल्या नगरच्या महाविद्यालयात मी बी.एस्सी. केले, तेव्हा माझ्या वर्गातील बहुसंख्य मुले हिंदू होती, मुसलमानही होती, आणि शिकवणाऱ्यांतही सर्व धर्मांचे लोक होते. आपल्याकडे मिशनच्या संस्थेचे ख्रिस्तीपण व्यवस्थापनात, प्रार्थनेच्या तासात आणि नाताळच्या कार्यक्रमात असते. टेलरसारख्या इव्हँजेलिकल संस्थेची धारणा निराळी आहे. पवित्र शास्त्राचा अधिकार, येशूच्या क्रूसावरील मरणाने मिळणारे तारण, प्रत्येकाचा वैयक्तिक नवा जन्म आणि सुवार्ता सांगण्याची जबाबदारी यांवर भर देणारा हा प्रॉटेस्टंट प्रवाह आहे, आणि शिकवणारा प्रत्येक जण या विश्वासाचा असेल तरच संस्था ख्रिस्ती राहील, असे ती मानते. सरकारी अनुदानाविना, मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कावर आणि देणग्यांवर चालणाऱ्या अशा लहान विद्यापीठांना ही धारणा टिकवणे हा अस्तित्वाचाच प्रश्न वाटतो; ती सोडली, तर तासाभराच्या अंतरावरचे स्वस्त सरकारी विद्यापीठ सोडून विद्यार्थ्याने तेथे का यावे, याला उत्तर उरत नाही.

अर्जातले श्रद्धेचे निवेदन मला संशोधनाच्या आराखड्यापेक्षा कितीतरी अवघड गेले. अमेरिकन इव्हँजेलिकल मंडळ्यांत अशा निवेदनाला एक ठरलेला घाट असतो : आधीचे भरकटलेले आयुष्य, मग एखादे शिबिर किंवा संकट, त्यात झालेले परिवर्तन आणि त्यानंतरचा बदललेला माणूस. अनेकांना त्या परिवर्तनाची तारीखही सांगता येते. माझ्याकडे अशी तारीख नाही. तान्ही असताना माझा बाप्तिस्मा झाला, शाळेत असताना दृढीकरण झाले आणि रविवारी उपासनेला जायचे की नाही, हा प्रश्न आमच्या घरात कधी पडलाच नाही. माझे पणजोबा नेवासे तालुक्यातल्या वडाळा मिशनच्या परिसरातले, महार समाजातले. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत ते अक्षर शिकले आणि पुढे कुटुंबासह ख्रिस्ती झाले. त्यात विश्वास होता, अक्षर होते, माणूस म्हणून वागवले जाण्याची ओढ होती आणि दुष्काळाच्या वर्षांत मिशनने दिलेला आधारही होता. यांतले एक बाजूला काढून ‘हेच खरे कारण’ असे म्हणणारी माणसे दोन्ही बाजूंना भेटतात. मला ते कधी जमले नाही.

मी ते सर्व तसेच लिहिले. माझी श्रद्धा मला वारशाने मिळाली, तिच्यात एकाएकी झालेले परिवर्तन नाही, पण पीएच.डी.च्या काळात पर्ड्यूच्या गावी, वेस्ट लाफाएटमध्ये, एकटी असताना हा वारसा मी ठेवायचा की नाही हे मला स्वतः ठरवावे लागले आणि मी तो ठेवला, असा त्याचा आशय होता. जातीचा उल्लेख करावा की नाही, याबद्दल घरी फोनवर बरीच चर्चा झाली. आईचे म्हणणे होते की त्या लोकांना त्यातले काय कळणार. वडिलांचे म्हणणे होते की लिहिले नाही तर ती साक्ष आपल्या घराची राहणार नाही. मी वडिलांचे ऐकले.

मूलभूत कागदपत्रांवरचा लेखी खुलासा त्या मानाने सोपा असेल, असे वाटले होते. विश्वासाच्या जाहीरनाम्यातील त्रैक्य, ख्रिस्ताचे पुनरुत्थान ही कलमे आम्ही नगरच्या मंडळीत दर रविवारी विश्वासांगीकारात म्हणतच आलो आहोत. विवाह आणि लैंगिकता यांविषयीचे निवेदन पारंपरिक आहे. माझ्या मंडळीची शिकवणही तीच असल्याने तेथे माझे अडले नाही, मात्र त्या चौकटीत न बसणारा विद्यार्थी वर्गात असेल तर शिक्षकाने त्याच्याशी कसे वागावे, हे मुलाखतीत विचारायचे मी ठरवले. अडले ते तारणाच्या व्याप्तीपाशी. तारण केवळ ख्रिस्ताद्वारे, हे मी मानते. पण ज्यांनी त्याचे नाव घेतले नाही, अशा माझ्या शेजाऱ्यांचे आणि शिक्षकांचे काय होईल, हे ठामपणे लिहिण्याचा अधिकार मला नाही, असे मी नमूद केले. त्यासाठी मी मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे उदाहरण दिले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या आणि नगरला आयुष्याचा मोठा काळ घालवलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्यांच्या बरोबरीने बाप्तिस्मा न झालेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली. मराठी ख्रिस्ती माणसाला या प्रश्नावर विचार करायचा तर टिळकांना वगळून पुढे जाता येत नाही. इंडियानातल्या निवड समितीला हे नाव परके असणार हे उघड होते, म्हणून ते कोण हे दोन ओळींत सांगून मी पुढे गेले.

पाळकांच्या शिफारशीबाबत मात्र एक व्यावहारिक पेच होता. नगरचे आमचे रेव्हरंड मला लहानपणापासून ओळखतात, पण अशा शिफारशीत उमेदवाराच्या प्रार्थनाजीवनाविषयी आणि मंडळीतल्या सेवेविषयी लिहावे लागते याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी पहिल्यांदा जे पत्र पाठवले त्यात माझ्या आजोबांनी मंडळीच्या इमारत निधीसाठी केलेल्या कामाचे सविस्तर वर्णन होते आणि माझ्याविषयी शेवटचे एक वाक्य होते. मी त्यांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, “बाई, तुझ्याविषयी वेगळे काय लिहायचे? तुझे घर कोणते, हे सांगितले की सर्व आलेच ना?” आमच्याकडे हे खरोखरच पुरेसे असते. अखेर त्यांनी दुसरे पत्र लिहिले, त्यात मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत असे याचा उल्लेख आला, आणि आजोबाही राहिलेच.

व्हिडिओवरील पहिली मुलाखत विभागातील प्राध्यापकांनी घेतली आणि ती बहुतांशी संख्याशास्त्राविषयीच होती. त्यानंतर प्रत्यक्ष भेटीचे बोलावणे आले. वेस्ट लाफाएटहून मोटारीने सुमारे दोन तास लागतात, आणि मोठा रस्ता सोडल्यावर दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीनची सपाट शेते सुरू होतात ती अपलँडपर्यंत संपत नाहीत. गावाची लोकसंख्या चार हजारांच्या आत आहे आणि विद्यापीठाचे विद्यार्थी सुमारे दोन हजार, त्यामुळे सुट्टी लागली की गाव अर्धे रिकामे होत असणार. खाण्याच्या जागा मोजक्या. आयव्हनहोज नावाचे एक आइस्क्रीमचे हॉटेल मात्र साऱ्या परगण्यात प्रसिद्ध आहे. त्याच्या फलकावर शंभर प्रकारचे शेक आणि शंभर प्रकारचे सन्डे आहेत, आणि समितीने मला जेवायला तेथेच नेले.

अशा गावात विद्यापीठ कसे आले, याची हकिगत तेथील लोक आवडीने सांगतात. १८४६ मध्ये मेथडिस्टांनी फोर्ट वेन शहरात मुलींसाठी काढलेले हे महाविद्यालय. पुढे ते आर्थिक अडचणीत आले. इंडियानाच्या या भागात १८८० च्या दशकात नैसर्गिक वायूचे साठे सापडले आणि कारखाने व वस्ती यावी म्हणून गावोगावच्या जमीन कंपन्या सवलती देऊ लागल्या; अपलँडच्या कंपनीने जागा व रोख मदत देऊ केली आणि १८९३ मध्ये विद्यापीठ येथे हलले. वायू विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आटला, विद्यापीठ मात्र राहिले. १८९३ मध्येच फोर्ट वेनमध्ये सॅम्युएल मॉरिस हा लायबेरियातून आलेला तरुण विद्यार्थी वारला. त्याच्या श्रद्धेची कथा तेव्हाचे अध्यक्ष थॅडियस रीड यांनी पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली, ती दूरवर पोहोचली आणि तिने संस्थेला नाव व पैसा दोन्ही मिळवून दिले. आज वसतिगृहाला त्याचे नाव आहे आणि आवारात त्याची शिल्पे आहेत. एका गोऱ्या ग्रामीण संस्थेचा आदर्श एक आफ्रिकी मुलगा असावा, हे मला तेथे गेल्याशिवाय खरे वाटले नसते. ज्या परगण्यात हे विद्यापीठ आहे, त्याच ग्रँट परगण्याच्या मॅरियन शहरात १९३० मध्ये दोन कृष्णवर्णीय तरुणांना जमावाने फाशी दिले होते, हेही त्याबरोबर लक्षात ठेवले पाहिजे.

विद्यापीठाचे नाव ज्यांच्यावरून १८९० मध्ये ठेवले गेले, ते बिशप विल्यम टेलर तर मुंबईशी चांगलेच जोडलेले आहेत. सोन्याच्या शोधात धावणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर प्रवचने करून नाव कमावलेले हे गृहस्थ १८७० मध्ये भारतात आले आणि पुढच्या वर्षी मुंबईत पोहोचले. परदेशातील मिशनच्या पैशावर अवलंबून न राहता स्थानिक मंडळीने आपला खर्च आपण करावा, हा त्यांचा आग्रह होता आणि मुंबईतील मेथडिस्ट मंडळी त्या तत्त्वावर उभी राहिली. त्यांना येथे साथ मिळाली ती जॉर्ज बोवेन यांची. बोवेन १८४८ मध्ये मुंबईत आले ते आमच्याच अमेरिकन मराठी मिशनच्या संस्थेकडून, पण वर्षभरातच त्यांनी मिशनचा पगार नाकारला आणि गरीब वस्तीत अगदी थोडक्यात राहू लागले. दक्षिण मुंबईतील बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचे. समितीच्या जेवणात मी हे सांगितले, तेव्हा टेबलावरचे सर्व जण सरसावून बसले, आणि त्यानंतरचे संभाषण मुलाखतीसारखे वाटले नाही. मुंबईकडून आलेल्या उमेदवाराने त्यांच्या बिशपची हकिगत त्यांनाच सांगावी, याची गंमत त्यांना अधिक वाटली की मला, हे सांगता येणार नाही.

खरी परीक्षा दुपारच्या बैठकीत झाली. तुमच्या विषयाचा तुमच्या श्रद्धेशी काय संबंध, हा प्रश्न या विद्यापीठांत प्रत्येक प्राध्यापकाला विचारला जातो आणि त्याचे उत्तर देण्यासाठी पुढे दीर्घ निबंधही लिहावा लागतो. श्रद्धा आणि विद्या यांचे ऐक्य हे संस्थेचे ब्रीदच आहे. आवारातल्या घंटाघराचे दोन उंच सुळके त्याचेच प्रतीक म्हणून उभारलेले आहेत. इतिहासाच्या किंवा जीवशास्त्राच्या माणसाला बोलायला पुष्कळ असते. संख्याशास्त्राच्या माणसाने ‘वर्गाची सुरुवात प्रार्थनेने करीन’ असे उत्तर दिले तर ते कोणालाही पुरेसे वाटत नाही, आणि वाटूही नये.

मी यादृच्छिकतेपासून, म्हणजे योगायोगाने घडण्यापासून, सुरुवात केली. सर्व काही देवाच्या हातात असेल, तर यादृच्छिक चल, म्हणजे ज्याची किंमत योगायोगाने ठरते अशी राशी, म्हणजे काय? प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात यहूदाच्या जागी नवा प्रेषित निवडायचा असतो, दोन नावे पुढे येतात आणि प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या जातात. चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघते. म्हणजे त्या मंडळीला दैवयोग आणि देवाची इच्छा या एकमेकींच्या विरोधी गोष्टी वाटत नव्हत्या. अठराव्या शतकात अब्राहम द म्वाव्हर या गणितज्ञाने दीर्घ प्रयोगात दिसणाऱ्या स्थिर प्रमाणांना ईश्वरी योजनेचा पुरावा मानले. ज्यांच्या नावाने संभाव्यतेचा प्रसिद्ध सिद्धान्त ओळखला जातो ते थॉमस बेझ स्वतः प्रेस्बिटेरियन पाळक होते आणि त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये त्यांचा त्यावरचा निबंध प्रसिद्ध करणारे रिचर्ड प्राइसही धर्मोपदेशकच. पण मी द म्वाव्हरच्या मार्गाने जाणार नाही, असेही सांगितले. प्रयोग वाढत गेले की प्रमाणे स्थिरावतात, हा मोठ्या संख्यांचा नियम गणिती सिद्धान्त आहे, तो आस्तिकाच्या फाशांना लागतो तसा नास्तिकाच्याही फाशांना लागतो, आणि त्यातून देव सिद्ध करायला गेले तर विद्यार्थी एक तर वाईट संख्याशास्त्र शिकेल किंवा कच्ची श्रद्धा. माझ्या मते या विषयाचा श्रद्धेशी संबंध अधिक साधा आहे : आपल्या माहितीला मर्यादा आहे हे कबूल करणे, ती मर्यादा किती हे प्रामाणिकपणे मोजणे आणि आकड्यांनी शेजाऱ्याविषयी खोटे न बोलणे. दहा आज्ञांत खोट्या साक्षीविषयी एक आज्ञा आहे आणि ती तक्त्यांनाही लागू आहे.

यावर एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारले की मर्यादेची कबुली हे तुमचे सूत्र असेल, तर तारणाच्या कलमावरचा तुमचा खुलासाही त्यातूनच आला का. प्रश्न अचूक होता. मी होय म्हटले. त्यानंतर टिळकांविषयी आणि दरबाराविषयी बरेच बोलणे झाले. काहींना ती भूमिका फार सैल वाटली आणि त्यांनी तसे तोंडावर, पण आदराने सांगितले; काहींनी ती इव्हँजेलिकल परंपरेतही अपरिचित नाही असे मत दिले. लैंगिकतेच्या निवेदनाविषयी मी विचारलेल्या प्रश्नावरही चर्चा मोकळी झाली. या लोकांचे सगळ्या बाबतींत एकमत असते, हा बाहेरचा समज आहे. मे २०१९ मध्ये तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांना पदवीदान समारंभाला बोलावले, तेव्हा याच विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी ६१ विरुद्ध ४९ मतांनी असहमती नोंदवली होती आणि काही पदवीधर पेन्स यांच्या भाषणापूर्वी उठून गेले होते.

समितीत आणखी एक प्रश्न निघाला : एखादा विद्यार्थी कार्यालयात येऊन ‘माझा विश्वास उरलेला नाही’ म्हणाला, तर तुम्ही काय कराल? मी म्हटले, आधी त्याला बसवीन, चहा विचारीन आणि परीक्षा किती दिवसांवर आहे ते विचारीन, कारण माझ्या अनुभवात विश्वास आणि झोप बहुधा एकाच आठवड्यात उडतात. हसू झाले. मग मी गंभीरपणे सांगितले की त्याच्या गुणांवर त्याच्या उत्तराचा परिणाम होणार नाही, हे त्याला पहिल्या वाक्यात कळले पाहिजे.

सामुदायिक जीवनाचा करार हा विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचारी या सर्वांना बंधनकारक असतो. दारू, तंबाखू, जुगार वर्ज्य. नाचाविषयीचे पूर्वीचे कडक नियम अलीकडे सैल झालेले आहेत. आमच्या मंडळीत दारूबंदीचा आग्रह आजोबांच्या पिढीपासून असल्याने मला त्यात त्याग असा काहीच करावा लागला नाही. वर्गात संभाव्यता शिकवताना फासे आणि पत्ते वापरले तर चालतील ना, एवढे मी विचारून घेतले. चालतात. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता सारे विद्यापीठ चॅपेलला, म्हणजे सामुदायिक उपासनेला, जाते. तेथे येणे अपेक्षित असते, हजेरी घेतली जात नाही, आणि तरीही मी गेले त्या दिवशी प्रचंड सभागृह भरलेले होते. गिटार आणि ड्रमच्या साथीने चाललेली गाणी मला परकी वाटली. पेटी, तबला आणि टाळांवर वाढलेल्या कानांना ती परकीच वाटणार.

नियुक्तिपत्र आले त्यानंतरचा भाग इतर कोणत्याही भारतीयाच्या अनुभवासारखाच आहे. उच्च शिक्षणसंस्थांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा लागू नसल्याने सोडतीची वाट पाहावी लागली नाही, एवढा मोठा फायदा झाला. पगार मोठ्या विद्यापीठांपेक्षा कमी आहे, शिकवण्याचे तास अधिक आहेत, आणि शनिवारी कोथिंबीर हवी असेल तर मोटार काढून शहर गाठावे लागते.

पर्ड्यूतील मैत्रिणी अजूनही विचारतात की नोकरीसाठी विश्वासाची अशी लेखी तपासणी तुला अपमानास्पद वाटली नाही का. मला वाटली नाही. आपल्याकडे नोकरीच्या मुलाखतीत धर्माविषयी कोणी अवाक्षर काढत नाही, आडनाव मात्र दोनदा विचारतात, गाव विचारतात, आणि उमेदवार दाराबाहेर पडायच्या आत सर्वांना सर्व कळलेले असते. त्या कळण्यावर उत्तर देण्याची संधी त्याला मिळत नाही. येथे जे विचारायचे ते कागदावर विचारले गेले आणि मी जे लिहिले त्यावर वाद घालता आला. अर्थात, ज्याचा विश्वास निराळा आहे त्याला हे दार पहिल्याच ओळीत बंद होते, आणि मी आत आहे म्हणून ते बाहेरच्याला कमी लागत असेल असे मी म्हणणार नाही. श्रद्धा आणि विषय यांवरचा निबंध आता लिहायला घेतला आहे. मत्थियाच्या चिठ्ठीपासूनच तो सुरू होतो, आणि दुसरा उमेदवार, ज्याचे नाव निघाले नाही तो योसेफ बर्सबा, त्याला त्या दिवशी काय वाटले असेल, यावर सध्या अडलेला आहे.